पाठमोरी ओतलेली साय

जिजी, रविवारी तुझ्याच पातेल्यात मी तूप कढवलं आणि ते पुरलं नाही. ऐकून तू आधी पदराआड हसली असतीस आणि मग म्हणाली असतीस, ताईला आकडे लिहिता येतात, तूप कुठून यायला. म्हण खुशाल. तू गेलीस, तुझी गंधमुक्ती होऊन आज बारा दिवस झाले, आणि इतक्या दिवसांत मला कुणी ‘आकडेवाली’ म्हणून हाक मारलेली नाही. मला ते नाव कधी आवडलं नव्हतं. आता कान त्याचीच वाट बघतात.

गल्लीतल्या बाया सध्या तुझ्या हाताच्या चवीबद्दल बोलत असतात. बोलू देत. मला मात्र तुझी माफी मागायची आहे, आणि ती नेमकी कशाबद्दल, हे रविवारपर्यंत मला माहीतच नव्हतं. म्हणून जरा मागून सुरुवात करते. तुला सगळं ठाऊक आहे, तरी ऐक. नाहीतरी माझं प्रत्येक गाऱ्हाणं तू दोनदा ऐकत आलीस.

आम्ही सुरतेच्या ह्या डिंडोलीत राहायला आलो ते चौऱ्याण्णवच्या प्लेगानंतरच्या वर्षी. ह्यांची नोकरी जवळच्या सचिन गावात एका कारखान्याच्या ऑफिसात, माझी सुरतेत आकडेवारीच्या सरकारी कचेरीत. गल्लीत घरं आठ. आमचं सोडलं तर सगळी खानदेशातली, पुरुष कापडाच्या लूमवर कामाला. मी सांगलीकडची, पहिला महिनाभर तुम्ही काय बोलता ते मला निम्मं कळायचं नाही. एक गोष्ट मात्र पहिल्याच सकाळी दिसली. दूध तापवून निवलं, की घराघरातून एकेक बाई ताटलीने झाकलेली वाटी घेऊन तुझ्या दारात. तू यायचीस, ताटली न उघडता वाटी घ्यायचीस, सगळ्यांकडे पाठ करायचीस आणि तशीच पाठमोरी ती साय मोठ्या मडक्यात ओतायचीस. मग वाटी विसळून, त्यात चिमूटभर साखर घालून परत. भांडं रिकामं परत करू नये, हे आमच्याकडेही आहे. पण तू पाठ का करतेस, हे कळायला मला वर्ष लागलं.

तिसऱ्या दिवशी तूच माझ्या दारात आलीस आणि विचारलंस की थैलीच्या दुधाची साय मी काय करते. मी म्हटलं, चहात जाते, नाहीतर मोरीत. तू माझ्याकडे असं पाहिलंस, की दुसऱ्या दिवशीपासून माझीही वाटी झाकून तुझ्याकडे यायला लागली.

माझं काम काय, ते तुला मी पहिल्यांदा समजावून सांगितलं तो दिवस आठवतो? तू रवी धुवत होतीस. मी सांगितलं, देशात लोणी किती निघतं, तूप किती होतं, दर वर्षी वाढतं की घटतं, त्याचे आमच्या भागातले आकडे आम्ही गोळा करून वर पाठवतो. डेअऱ्यांचे आकडे कागदावर येतात, घरांचे दारोदार जाऊन विचारावे लागतात. तू रवी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, लोकांच्या घरातलं दूधदुभतं विचारत फिरायला लाज नाही वाटत? मी म्हटलं, पगार मिळतो. त्यावर तुझं हसणं गल्लीच्या टोकापर्यंत गेलं.

मग मी तुला आलेखाचा कागद दाखवला. निळी रेघ डेअऱ्यांच्या लोण्या-तुपाची, ती वर चाललेली. लाल रेघ घरच्या तुपाची, ती खाली. आमचे साहेब त्या कागदाकडे बघून दर वर्षी एकच वाक्य म्हणायचे, “बेन, घरनुं घी तो हवे गयुं.” घरचं तूप आता गेलंच, हे मलाही पटायचं. गावोगाव दुधाच्या गाड्या जायला लागल्या. पूर्वी दूध टिकत नसे म्हणून त्याचं तूप व्हायचं. आता दूधच शंभर मैल जातं, तूप घरात कशाचं होणार. तू म्हणालीस की तुझ्या माहेरीही तसंच झालं, शिरपूरकडे, तुझी माय आठवडी बाजाराला तुपाचं मडकं घेऊन जायची आणि पुढे गाडी आली तेव्हा मडकं फडताळावर गेलं. “पहिले दूध घरमा ऱ्हाये,” तू म्हणालीस, “आते गाडीमा जास.” मी दोन पानं भरून जे लिहिलं होतं ते तू एका ओळीत सांगितलंस. मी ती पानं त्या दिवशी फाडायला हवी होती.

नंतर तू लाल रेघेवर बोट ठेवलंस आणि विचारलंस, “यामा आपली गल्ली कोठे शे?” मी म्हटलं, अजून नाही आली. तू म्हणालीस, “बरं शे. नजर नही लागाव.”

रविवारी सकाळी मी तुझ्याकडे येऊन बसायची. म्हणायला मदत, खरं म्हणजे बघायला. आठवड्याची साय विरजून तू ती घुसळायचीस, लोण्याचा गोळा पाण्यात तीनदा धुवायचीस आणि स्टोव्हवर चढवायचीस. आणि मग पातेल्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसायचीस. मला धडकी भरायची. मी दहा वेळा उठून डोकावायची. तू म्हणायचीस, डोळ्यांनी नाही, कानांनी कढवायचं असतं. आधी मोठा तडतडाट, मग बारीक कुजबुज, आणि ज्या क्षणी ती कुजबुज थांबते त्या क्षणी स्टोव्ह बंद. अर्धा मिनिट पुढे गेलं तर जळकं, अर्धा मिनिट आधी तर कच्चं. बाहेर लूम खडखडत असायचे, समोरच्या घरात रेडिओ, आणि त्या सगळ्या गदारोळात तुला ती कुजबुज थांबलेली ऐकू यायची. उठायचीस, विड्याचं पान टाकायचीस, घरोघरच्या बरण्या भरायचीस, झालं. इतक्या वर्षांत एकदाही जळलं नाही. मी प्रयोगशाळा पाहिल्यात, जिजी, मोठमोठ्या डेअऱ्यांत जाऊन आले आहे. तुझ्या कानासारखं यंत्र मला कुठे दिसलं नाही.

आणि ती उन्हाळ्यातली गोष्ट. वैशाखात एका सकाळी तू माझी साय बोटावर घेतलीस, चोळलीस, हुंगलीस आणि म्हणालीस, “हाई हिवायानं लोनी शे.” हे हिवाळ्याचं लोणी आहे म्हणे. मी वैतागले. काल संकलन झालेलं दूध, आज सकाळी फोडलेली थैली, त्यात हिवाळा कुठून येणार? तू वाद घातला नाहीस, नुसती मान हलवलीस. मला काही राहवेना. कामानिमित्त डेअरीतल्या एका जाणत्या माणसाशी ओळख होती, त्याला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, बरोबर आहे. थंडीत दूध उदंड, तेव्हा लोणी आणि पावडर करून ठेवतात; उन्हाळ्यात म्हशी आटल्या की तेच लोणी पुन्हा दुधात मिसळतात. सगळीकडची रीत आहे. त्याने उलट मलाच विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? मी म्हटलं, आमच्या गल्लीत एक बाई आहे, तिच्या बोटाला कळलं. त्याला खरं वाटलं नाही. बसमध्ये मी सगळा रस्ता आ वासून बसले होते. देशाचं लोणी कोणत्या ऋतूत साठतं आणि कोणत्या ऋतूत वितळतं, ह्याचे तक्ते मी वर्षभर बनवायचे, आणि तू डिंडोलीच्या एका ओट्यावर बसून ते अंगठ्याने वाचत होतीस. त्या दिवसापासून मी तुझ्याशी दुधावरून वाद घालणं सोडलं. बाकी सगळ्यावरून घालत राहिले.

पाठ करून ओतण्याचं कोडं सुटलं ते लूमच्या मंदीत. लूमचे कारखाने, म्हणजे इथली ‘खाती’, बंद पडत होती, बऱ्याच घरात अर्ध्या थैलीवर भागवत होते. त्या दिवसांत मी एकदा नेमकी तुझ्या आतल्या खोलीत होते आणि तू पाठमोरी झालीस ती माझ्याकडे तोंड करून. ताटलीखाली वाटीत साय नव्हतीच, पांढरट पाणी होतं. तू ते मडक्यात ओतलंस, वाटी विसळलीस, साखर घातलीस आणि नेहमीच्या आवाजात बाहेर काहीतरी गमतीचं बोलत वाटी परत केलीस. त्या रविवारी त्या घरची बरणी बाकीच्यांइतकीच भरली. मी विचारायला तोंड उघडलं तोच तू मला गप्प केलंस.

“कोनी वाटी कितली, ते तोंडवर आनू नही.”

जग सगळं आपापल्या पोळीवर तूप ओढण्यात गुंतलेलं असतं. तू वाटीवर ताटली ठेवायला लावून सगळ्यांच्या वाट्या एकसारख्या करून टाकल्या होत्यास. मला तेव्हा वाटलं, मला सगळं समजलं. काही समजलं नव्हतं.

माझं बाळंतपण ह्याच गल्लीत झालं. आई आजारी, माहेरी जाता येईना. सव्वा महिना तू रोज सकाळी तुपात थबथबलेला शिरा घेऊन आलीस, दुपारी मेतकूट-भातावर तूप, संध्याकाळी डिंकाचा लाडू. मी नको म्हटलं की तू लेकीकडे बोट दाखवून म्हणायचीस, तुला कोण देतंय, तिला देते आहे. मी खाल्लं. लोकांच्या दारात उभी राहून ‘तुमच्याकडे तूप किती’ म्हणून विचारणारी मी, माझ्या ताटात ते येतं कुठून, हे सव्वा महिन्यात एकदाही विचारलं नाही.

आणि आता ते भांडण. आपलं खरं भांडण एकच.

त्या वर्षी पाहणीसाठी चिठ्ठ्या टाकून वस्त्या निवडल्या त्यात आपली गल्ली आली. मला केवढा आनंद झाला. आता ही लाल रेघ निदान नखभर तरी वर उचलीन, असं मनाशी म्हणत मी फॉर्म घेऊन निघाले. पहिल्या घरी विचारलं, घरी तूप करता का? नाही. दुसऱ्या घरी, नाही. तिसऱ्या, चौथ्या, सगळीकडे नाही. आणि त्या खोटं बोलत नव्हत्या गं. त्या कुठे करत होत्या? तू करत होतीस. शेवटी तुझ्या दारात आले. तुझ्या मागे स्टोव्हवर पातेलं चढलेलं होतं आणि त्या वासाने रस्त्यावरची माणसं मान वळवत होती. मी विचारलं, घरी तूप करता का? तू म्हणालीस, नही. मी पेनाने पातेल्याकडे दाखवलं.

“ते मनं कोठे शे?” तू म्हणालीस. “ते गल्लीनं शे.” माझं कुठे, गल्लीचं आहे म्हणे.

मी समजावलं, विनवलं. गल्लीच्या नावाचा रकानाच नव्हता त्या कागदात. घर म्हणजे एक चूल, असं आमचं पुस्तक म्हणतं. तू बधली नाहीस. मग पुढचा रकाना, घरातल्या माणसागणिक खाण्यात किती. दाजींचा, तुझ्या नवऱ्याचा, चमचाभर सांगितलास. आणि तू? “माले पचत नही. शून्य लिखी टाक.”

मी भडकले. पाहणी माझ्या नावावर होती आणि डोळ्यांदेखत ती खोटी पडत होती. दारात उभी राहून, चार बायांच्या समोर मी म्हणाले की जिजी, सरकारी कागदावर तू दोनदा धडधडीत खोटं बोललीस. करत नाही म्हणतेस, ते पातेलं आहे. खात नाही म्हणतेस, तर मग हा सगळा खटाटोप कोण फुकट करतं?

तुझा चेहरा उतरला. मला तो आजही दिसतो. “मी खोटं नही सांगं, ताई,” एवढंच म्हणालीस आणि वळून स्टोव्ह बारीक केलास. मी दोन्ही शून्यं पेन दाबून लिहिली, कागद मागून उमटला. आठ घरांची आठ शून्यं वर गेली. साहेब म्हणाले, घरनुं घी तो गयुं. आठ दिवस मी माझी वाटी तुझ्याकडे पाठवली नाही. नवव्या दिवशी तू स्वतः माझ्या स्वयंपाकघरात शिरलीस, ओट्यावरची वाटी उचललीस, ताटलीने झाकलीस आणि घेऊन गेलीस. आपली दिलजमाई झाली ती अशी. पण माझ्या मनात तो शिक्का राहिलाच. तुझ्यावर जीव टाकायची मी, पण कुणी तुझं नाव काढलं की मनात कुठेतरी म्हणायची, चांगली आहे, पण कागदावर खोटं बोलली.

मग तुझा तो ताप. तीन दिवस, आणि संपलं. तिसऱ्या दिवशी मी आले तेव्हा तू मला मडक्याबद्दल काहीतरी सांगत होतीस, साय झाकीसन ठेव म्हणून. मला वाटलं तापात बरळते आहे. मी हो हो म्हटलं आणि तुझ्या कपाळावरची पट्टी बदलली. त्या वेळी तुझं म्हणणं सरळ ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

गंधमुक्तीनंतर दुसऱ्याच सकाळी दारात वाट्या आल्या. माझ्या दारात. माझ्याकडे फ्रिज आहे, आणि मी रविवारी तुझ्याजवळ बसायची, एवढंच काय ते माझं शिक्षण. मी वाटी घेतली आणि जिजी, कुणी न सांगता माझी पाठ वळली.

आठवडाभराची साय साठवून रविवारी कढवलं. कानाने नाही, मला ते जमत नाही. दर मिनिटाला डोकावत. थोडं लालसर झालं पण बरं झालं. फडताळातून तुझ्या बरण्या काढल्या आणि भरायला घेतल्या. पाच भरल्या. सहावीचा तळ झाकला. पुढे पातेलं कोरडं. मी सातही बरण्या ओळीने मांडून बघत बसले. वाट्या त्याच, थैल्या त्याच, मग तूप गेलं कुठे? आणि तेव्हा, जिजी, माझ्या लक्षात आलं की मी सात म्हणते आहे. गल्लीत घरं आठ. तुझ्या फडताळात बरण्या सात. एवढी वर्षं दर रविवारी त्या बरण्या माझ्या समोर होत्या आणि मोजण्याचा पगार घेणारी मी, मी त्या कधी मोजल्याच नव्हत्या.

दाजी ओट्यावर बसले होते. मी विचारलं, माझं काय चुकलं, तूप कमी का पडलं? ते म्हणाले, “दोन थैल्या येत आमनाकडे. एक चहानी, एक सायनी.” चहाचं दूध आणि साय काढलेलं दूध, दोन्ही ते एकटे प्यायचे, तू कोरा चहा. कोरा चहा तर मी रोज पाहत होते, मला वाटायचं तुला आवडतो. मी म्हटलं, आणि तुमची बरणी? ते म्हणाले, पातेलं पुसून निघायचं ते त्यांच्या भाकरीवर. मी म्हटलं, हो, जिजीला तूप पचायचं नाही ना.

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. “तिले तूप पचे नही? माहेरले वाटीवर वाटी पिये ती.”

मी उठून घरी आले आणि जुना फॉर्म आठवत बसले. माणसागणिक खाण्यात किती, तुझ्या नावापुढे शून्य. त्या वर्षी पूर्ण सुरत जिल्ह्यात मी जितके आकडे भरले, त्यात छातीवर हात ठेवून खरा म्हणता येईल असा तो एक होता. आणि त्यालाच मी चार बायांसमोर खोटं म्हटलं. तू खरंच सांगितलं होतंस. जिजी, मला माफ कर. तुझ्या सव्वा महिन्याच्या शिऱ्यातलं तूप कुणाच्या वाटणीचं होतं, ते आता कळलं. तेव्हापासून मी नुसती थक्क होऊन बसले आहे. देशात अशा गल्ल्या किती असतील, त्यांत पाठमोऱ्या बाया किती, त्यांच्या तुपाने माझी लाल रेघ केवढी वर जाईल, ह्याचा हिशेब करायला गेले आणि सोडून दिला. ती रेघ खाली चालली आहे असं मी पुन्हा कुठल्याही कागदावर लिहिणार नाही.

सोमवारपासून आमच्याकडे दुसरी थैली येते. ह्यांनी विचारलं कशाला, मी म्हटलं सायीची. बरण्या मी थोड्या थोड्या सारख्या करून सगळ्यांना पोचवल्या, एक दाजींना दिली. बरण्या सातच आहेत. पातेलं पुसून निघालं ते लेकीच्या भातावर घातलं. जेवताना ती माझ्या ताटाकडे बघत होती. म्हणाली, आई, तुला तूप?

मी म्हटलं, “मला पचत नाही.”